उंदीर मारणारे आणि उंदीर मोजणारे

राजूरच्या कोळसा खाणीच्या वसाहतीत गेल्या पावसाळ्यात एका परिचितांकडे जाण्याचा योग आला. व्हरांड्यातील वेताच्या खुर्चीवर एक इवलेसे कुत्रे बसले होते. अंगावर रेशमासारखे लांब केस, कपाळावरचे केस डोळ्यांत येऊ नयेत म्हणून त्यांना लाल फितीची गाठ, वजन फार तर तीन किलो. समोर बशीत दूध-पोळी होती. गप्पा चालू असतानाच अडगळीच्या खोलीतून एक चांगली धष्टपुष्ट घूस बाहेर आली आणि भिंतीच्या कडेकडेने, कोणाचीही भीड न बाळगता, बशीच्या दिशेने निघाली. कुत्र्याने दोनदा भुंकून पाहिले आणि मग मालकिणीच्या मांडीवर उडी घेतली. भांडी घासणाऱ्या बाई आतून हे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "याच्याहून आमच्या घरची मांजर बरी हो बाई. उंदीर तं धरते."

सारे हसले. मीही हसलो. परंतु त्या हसण्यात त्या प्राण्यावर थोडा अन्याय होता. 'यॉर्कशायर टेरियर' या नावाने ओळखली जाणारी ही जात मुळात मांडीवर बसण्यासाठी निपजविण्यात आलेली नव्हती. उंदीर मारणे हा तिचा धंदा होता, आणि ज्यांनी ती निपजविली ते बंगल्यांत राहणारे नव्हते. ते गिरण्यांत आणि खाणींत राबणारे मजूर होते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्कॉटलंडमधील विणकर पोटापाण्याच्या शोधात इंग्लंडच्या यॉर्कशायर आणि लँकेशायर या भागांत उतरले. त्यांच्यासोबत त्यांची लहान चणीची टेरियर कुत्रीही आली. टेरियर या शब्दाच्या मुळाशी 'भूमी' हाच अर्थ आहे. जमिनीतील बिळात शिरून शिकार करणारे ते कुत्रे. गिरणीत कच्चा माल रचलेला, यंत्रांच्या मागे हात शिरणार नाही अशा फटी, आणि खाणीत तट्टांचा चारा साठविलेला. अशा ठिकाणी उंदीर माजणार हे उघड होते. तेथे मोठे कुत्रे निरुपयोगी. हवे होते ते लहान, चपळ, जिद्दी आणि थोड्या अन्नावर जगणारे. मजुराच्या एका खोलीच्या बिऱ्हाडात मावेल, उष्ट्यावर वाढेल आणि आपला खर्च भरून काढील, अशा हिशेबानेच या विणकरांनी पिढ्यानुपिढ्या निवड केली. त्यांच्यापाशी आनुवंशिकतेचे शास्त्र नव्हते; मात्र कोणते पिल्लू कामाचे, हे ओळखण्याची नजर होती. उंदराची मान धरायची, एक हिसका द्यायचा आणि दुसऱ्याकडे वळायचे, इतके ज्याला साधते ते ठेवायचे.

पुढे काय घडले, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विशेष लक्ष देऊन पाहावे असे आहे. 'हडर्सफील्ड बेन' हा १८६५ साली जन्मलेला कुत्रा या जातीचा मूळपुरुष मानला जातो. उंदीर मारण्याच्या शर्यतीही त्याने जिंकल्या आणि श्वानप्रदर्शनांतील बक्षिसेही. १८७१ मध्ये तो एका गाडीखाली सापडून मेला. त्याच्या वंशजांच्या नशिबी मात्र पहिली कामगिरी राहिली नाही, दुसरी तेवढी उरली. १८७३ मध्ये इंग्लंडात केनेल क्लब स्थापन झाला, १८८६ मध्ये या जातीला स्वतंत्र मान्यता मिळाली, आणि प्रदर्शनाच्या मंचावर उंदीर नसल्यामुळे परीक्षकांना मोजता येण्याजोगे काय उरले? केसांची लांबी आणि वजनाचा हलकेपणा. जे मोजले गेले ते वाढत गेले. केस जमिनीला टेकले, वजन घटले, कपाळावर फीत आली. विणकराचा सोबती मालकिणीच्या मांडीवर पोहोचला. जातीचे नाव तेच राहिले. मोजमाप बदलले, म्हणून काम बदलले.

हे कुत्रे आपल्याला वाटते तितके परके नाही, असेही जाता जाता म्हणावेसे वाटते. लँकेशायरमधील शहराचे नाव धारण करणारी 'मँचेस्टर टेरियर' ही काळी-तांबूस जात याच कामासाठी प्रसिद्ध होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि ज्या वऱ्हाडाकडे त्या गिरणीमालकांची दृष्टी वळली त्याच वऱ्हाडात आपला वणीचा मुलूख मोडतो. १९०५ पर्यंत तर आजच्या यवतमाळ जिल्ह्याचे नावच वणी जिल्हा असे होते. आपल्या कास्तकारांच्या पऱ्हाटीचे बोंड ज्या गोदामांत जाऊन पडत होते, त्या शहरातील उंदरांवर हे कुत्रे झडप घालीत होते. जहाजातून आपला माल गेला, कापड परत आले; आणि सव्वाशे-दीडशे वर्षांनी त्यांच्या कुत्र्याचे एक भावंड फीत बांधून राजूरला आले. त्यातले कामाचे तेवढे वाटेतच गळून पडले.

राजूरला उंदरांची ददात नाही. जमिनीखाली कोळसा, जमिनीवर चुनखडी, चुन्याच्या भट्ट्या आणि भोवताली काळ्या मातीची शेती, असे हे गाव. १९७३ साली देशातील खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, त्याच्या आधीपासून खाली उतरणाऱ्या एका निवृत्त कामगाराने मला सांगितले की, त्यांच्या पाळीत जेवणाचा डबा जमिनीवर ठेवण्याची सोय नव्हती. तो तारेला टांगावा लागे, आणि तारेवरूनही उंदीर उतरत. घरी ज्वारीची कणगी शेणाने लिंपलेली असे, तिला तळाशी भोक पडे. आज कणगी गेली आणि पत्र्याची कोठी आली, हे खरे. परंतु धान्य आता घरापेक्षा दुकानात, संस्थेत आणि गोदामात अधिक असते, आणि तेथे ते कोणाच्याच मालकीचे नसल्यासारखे असते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या पाहणीत तृणधान्यांची कापणीनंतरची नासाडी साडेचार ते सहा टक्क्यांच्या दरम्यान सांगितली आहे. त्यात सांडलवंड, कीड, ओल हे सारे आले. उंदराचा वाटा त्यातला एक. पण त्याचे वैशिष्ट्य असे की, तो खातो त्याहून अधिक नासवितो, आणि नासविलेले आपण खातो.

उंदीर हा हसण्यावारी नेण्याचा विषय नाही, हे महाराष्ट्राला तरी सांगावे लागू नये. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मांडवी ही धान्याच्या गोदामांची वस्ती. माणसे मरू लागण्याआधी तेथे उंदीर मरून पडत होते, हे लोकांनी पाहिले होते. परंतु सरकारी यंत्रणेचा रोख दूषित हवा, दूषित जमीन आणि दूषित माणसे यांच्याकडे होता. घरे धुतली, सामान जाळले, माणसे छावण्यांत नेली. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा आला. मार्चात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. जूनमध्ये पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. उंदराच्या अंगावरील पिसूमार्फत हा रोग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत १८९८ मध्ये दाखविले, आणि तेही सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे जावी लागली. एवढ्या उलथापालथीत जो प्राणी केंद्रस्थानी होता, त्याच्याकडे पाहण्यास सर्वांत उशीर झाला. जवळची आठवण हवी असेल तर १९९४ ची आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर वर्षाच्या आत बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीचा ताप आला, आणि ओसाड घरांत पडून राहिलेल्या धान्यावर उंदीर वाढले होते, असे त्याचे कारण तेव्हा सांगितले गेले. प्लेगवर आज औषधे आहेत. परंतु दर पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून माणसाला गाठणारा लेप्टोस्पायरोसिस हाही उंदराच्या मूत्रातून येतो. अनवाणी चिखलात उभा राहणारा शेतमजूर आणि गटारात उतरणारा सफाई कामगार यांनाच तो आधी भेटतो.

मग उंदीर मारतो कोण? मुंबई महानगरपालिकेने या कामासाठी रात्रपाळीचे मूषक संहारक नेमलेले आहेत. हातात काठी आणि विजेरी घेऊन हे लोक रात्री बाजारांच्या, गटारांच्या, चाळींच्या मागल्या बाजूला फिरतात, आणि प्रत्येकाने एका रात्रीत तीस उंदीर मारावेत अशी अपेक्षा असते. सकाळी मोजणी होते. तीस भरले नाहीत तर उरलेले पुढे भरून काढायचे. या थोड्याशा जागांसाठी पदवीधरांनीही अर्ज केल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. मी वर्गात पदवी आणि रोजगार यांच्या संबंधावर बोलतो तेव्हा ही बातमी मला आठवते आणि मी ती सांगत नाही. काम हलके म्हणून नव्हे. या माणसांचे काम माझ्या कामापेक्षा कितीतरी अधिक मोजता येण्याजोगे आहे.

मात्र त्या मोजणीतच एक मेख आहे. लंडनमध्ये गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात उंदरांच्या आखाड्यांची चैन होती. गुत्त्याच्या मागे लाकडी हौदात उंदीर सोडायचे, त्यात टेरियर उतरवायचा आणि पैजा लावायच्या. 'बिली' नावाच्या कुत्र्याने १८२३ मध्ये साडेपाच मिनिटांत शंभर उंदीर मारले, असा विक्रम नोंदलेला आहे. 'टायनी' नावाचे जेमतेम अडीच किलोचे कुत्रे १८४८ च्या सुमारास तासाभराच्या आत दोनशे मारीत असे. हेन्री मेह्यू या पत्रकाराने या आखाड्यांचे जे वर्णन करून ठेवले आहे त्यातून दिसते ते असे, की आखाड्याला रोज जिवंत उंदीर लागत, आणि ते पकडून आणून विकणाऱ्यांचा एक स्वतंत्र धंदाच उभा राहिला होता. गिरणीतल्या कुत्र्यामुळे उंदीर कमी होत. आखाड्यातल्या कुत्र्यामुळे उंदराला बाजारभाव आला.

फ्रेंचांच्या ताब्यातील हानोई शहरात १९०२ साली हाच धडा सरकारने स्वतःच्या पैशाने गिरविला. प्लेगच्या भीतीने प्रत्येक मारलेल्या उंदरामागे बक्षीस जाहीर झाले. पुरावा म्हणून शेपूट आणून द्यायची. शेपट्या ढिगाने येऊ लागल्या. आणि मग शहरात बिनशेपटीचे, पण टुणटुणीत उंदीर हिंडताना दिसू लागले. लोक शेपूट कापून उंदीर सोडून देत होते, म्हणजे तो आणखी पिल्ले घालील आणि आणखी शेपट्या मिळतील. शहराबाहेर उंदीर पाळण्याचेही प्रकार उघडकीस आले. सरकारला उंदीर नको होते, परंतु ते किंमत देत होते शेपटीची. आणि जिची किंमत दिली ती वस्तू त्याला भरपूर मिळाली.

आपण हसण्याचे कारण नाही. २२ मार्च २०१८ रोजी एकनाथ खडसे यांनी विधानसभेत मंत्रालयातील उंदरांचा प्रश्न काढला, हे वाचकांना स्मरत असेल. ते तेव्हा सत्ताधारी पक्षाचेच ज्येष्ठ सदस्य होते. २०१६ मध्ये दिलेल्या एका कामात कंत्राटदाराने सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारल्याची नोंद असल्याचे त्यांनी सांगितले, आणि दहा मांजरींनी हे काम केले असते अशी मल्लीनाथीही केली. सहज हिशेब मांडून पाहावा. दिवसाला सुमारे ४५,६०० उंदीर. रात्रंदिवस न थांबता काम केले तर मिनिटाला एकतीस-बत्तीस. लंडनच्या बिलीचा वेग मिनिटाला अठरा पडतो, आणि तोही साडेपाच मिनिटांपुरता. पुढे खुलासा असा आला की, तो आकडा उंदरांचा नव्हे. टाकलेल्या विषारी गोळ्यांचा होता. या खुलाशावर अनेकांनी विश्वास ठेवला नाही. मी ठेवतो, आणि मला तोच अधिक चिंताजनक वाटतो. कारण त्याचा अर्थ एवढाच की, राज्याच्या सर्वोच्च कार्यालयात उंदीर किती मेले याचा हिशेब कोठेच नव्हता. गोळ्या किती टाकल्या याचा होता. हिंदीत लाचेला 'घूस' म्हणतात आणि आपल्याकडे त्याच नावाचा प्राणी गोदामाचा पाया पोखरतो, हा भाषेचा निव्वळ योगायोग असावा.

दूरच्या गोष्टी सांगून झाल्या. आता जवळची सांगतो. शिक्षक आणि कर्मचाऱ्यांच्या एका ग्राहक भांडाराच्या संचालक मंडळावर मी काही वर्षे आहे. दरवर्षी साठ्याच्या नोंदवहीत तूर डाळ, साखर आणि गहू यांत तूट निघते. दरवर्षी तिच्यापुढे 'मूषकक्षती' असा शेरा पडतो, उंदीर मारण्याच्या औषधाचे एक बिल जोडले जाते आणि रक्कम निर्लेखित करण्याचा ठराव एकमताने मंजूर होतो. त्या ठरावांवर माझीही सही आहे. साखरेची तूट डाळीएवढीच कशी, हा प्रश्न मला कधी पडला नाही, असे मी म्हणणार नाही. पडला, आणि मी तो विचारला नाही. सहा वाजता सभा असते, आठ वाजताची बस असते. गेल्या वर्षी एका तरुण लिपिक सभासदाने नुसते एवढे विचारले, "सर, गोदामाच्या मोरीला जाळी आहे का?" आम्ही सारे उठून पाहायला गेलो. मोरीला जाळी नव्हती. दाराखाली दोन बोटे फट होती. पोती भिंतीला टेकून, थेट फरशीवर रचलेली होती. आणि कोपऱ्यात औषधाच्या पुड्यांचा एक ढीग पडला होता. बिले होती त्या सर्व पुड्या तेथे होत्या, फोडलेल्या नव्हत्या.

उंदीर डाळ खात होते की डाळ आणखी कोणी नेत होते, हे त्या दिवशी ठरले नाही. आजही ठरलेले नाही. परंतु उंदीर राहू देणे कोणाच्या तरी सोयीचे होते, एवढे मला कळले. भांडारात उंदीर आहेत तोवर तुटीला नाव आहे. बिहारात २०१७ साली जप्त केलेली दारू उंदरांनी प्यायली, असे पोलिसांकडून सांगण्यात आल्यावर देश हसला होता. आमच्या उंदरांना निदान साखर आवडते, जी उंदराला खरोखरच आवडते.

आणि त्या पुड्या फोडल्या गेल्या असत्या तर प्रश्न सुटला असता, असेही नव्हे. झिंक फॉस्फाइडने एकदा आजारी पडून वाचलेला उंदीर ते आमिष पुन्हा तोंडाला लावीत नाही. ब्रोमॅडिओलोनसारखी औषधे हळूहळू मारतात. तोवर तो सुस्तावलेला उंदीर मांजर खाते, गव्हाणी घुबड खाते, आणि विष त्यांच्याही पोटात जाते. म्हणजे जो बिनपगारी नोकर रोज रात्री शेतावर येऊन काम करतो, त्यालाच आपण मारतो. ज्या जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली, त्या जिल्ह्याने तरी आणखी एक विष घराच्या फळीवर ठेवताना दोनदा विचार करावा. हातमोजे आणि मुखपट्टी यांचा खर्च वाचविला की तो खर्च दुसरीकडे कोणाच्या घरी निघतो, हे आपण पाहिले आहे.

म्हणून माझे म्हणणे अगदी साधे, बरेचसे सुताराचे आणि गवंड्याचे आहे. गोदामाच्या मोरीला लोखंडी जाळी, दाराच्या तळाला पत्र्याची पट्टी, पोत्यांखाली लाकडी फळ्या आणि पोती व भिंत यांमध्ये माणूस फिरेल एवढी जागा. औषधाचा खर्च मंजूर करण्यापूर्वी हे झाले की नाही, याचा दाखला मागावा. कंत्राटदाराला मेलेल्या उंदरांचे किंवा टाकलेल्या गोळ्यांचे पैसे न देता, सहा महिन्यांनी गोदामात ताज्या लेंड्या, कुरतडलेली पोती आणि नवी बिळे किती आढळतात ते पाहून द्यावेत. हे पाहायला तज्ज्ञ लागत नाही. ज्याला डाळ विकत घ्यायची आहे असा कोणताही सभासद पुरेसा आहे. रेशन दुकानातील तूट आणि तिचे कारण महिन्याच्या महिन्याला फळ्यावर लिहिले जावे. आणि शहरांत जे लोक हे काम रात्री काठीने करतात त्यांना नियमित पगार, बूट, हातमोजे आणि पावसाळ्यात तापाची तपासणी मिळावी. तीस शेपट्यांचा हिशेब त्यांच्या डोक्यावरून काढून घ्यावा. आपल्या वॉर्डात उंदीर कमी करणाऱ्याची संख्या पुढे भरत नाही, हे उघड आहे. आजच्या पद्धतीत तो चांगले काम करील तितका तोट्यात जाईल.

यावर कोणी असे म्हणेल की, मोजल्याशिवाय काम होत नाही आणि अर्थशास्त्राच्या माणसाने मोजणीविरुद्ध बोलू नये. मी मोजणीविरुद्ध नाही. यॉर्कशायरचा विणकरही मोजीत होता. त्याच्यापाशी शेपट्यांची पेटी नव्हती, बिलबुकही नव्हते. सकाळी पाळीवर आल्यावर सूत कुरतडलेले आहे की नाही, एवढेच तो पाहत असे. नसेल तर कुत्र्याला भाकरीचा तुकडा. त्याच्या मोजणीत आणि आमच्या भांडाराच्या नोंदवहीत फरक इतकाच, की त्याच्या सुताचे नुकसान त्याच्याच मजुरीतून जात होते.

आमच्या भांडाराची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरात आहे. विषयपत्रिका हाती आली आहे. पाचवा विषय सालाबादप्रमाणे मूषकक्षतीची रक्कम निर्लेखित करण्याचा, आणि आठवा गोदामाची जाळी व दुरुस्ती यांच्या खर्चास मंजुरी देण्याचा. आठव्यापर्यंत पोहोचेतो बसची वेळ होते, हा आजवरचा अनुभव. आठवा विषय आधी घ्यावा आणि पाचव्यावर हात वर करून मतदान व्हावे, अशी सूचना मी लेखी दिली आहे. त्या तरुण लिपिकाने तिला अनुमोदन दिले आहे.